दोडकासाहेब, कारलंसाहेब आणि आमच्या बाई

आमच्या बाईंनी मोठ्या साहेबांच्या केबिनबाहेर एकतीस वर्षं काढली आणि तेवढ्या वर्षांत 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' हे वाक्य त्यांनी एकदाही खोटं म्हटलं नाही. साहेब आत बसून मोबाइलवर पत्ते खेळत असले, तर बाई फोनवर शांतपणे सांगायच्या, "साहेब आहेत. पण आत्ता तुमच्यासाठी नाहीत." पलीकडचा माणूस गार पडायचा. दर दोन-तीन महिन्यांनी एखादा मोठा पुरवठादार रुसायचा, साहेब बाहेर येऊन कपाळाला हात लावायचे, "अहो बाई, मीटिंगमध्ये आहे म्हणायला तुमचं काय जातं?" त्यावर बाई म्हणायच्या, "मग घ्या की मीटिंग. मी येते आत, दोघं बसू." साहेब निमूट आत जायचे.

मी परभणीची. एमबीए करून चिंचवडच्या ऑफिसात एक्झिक्युटिव्ह असिस्टंट म्हणून लागले, तेव्हा मला माझ्या पदनामाचा कोण अभिमान! बाईंच्या टेबलावरच्या पाटीवर नुसतं 'सेक्रेटरी' होतं. एचआरनं त्यांचंही पदनाम बदलायला काढलं होतं, पण "काम तेच राहणार असेल तर पाटीचं पितळ कशाला वाया घालवता," असं म्हणून बाईंनी ते पत्र आल्या पावली परत पाठवलं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि दोनच प्रश्न विचारले. "सकाळी खाऊन आलीस का?" आणि "पोटात गोष्ट राहते का?" पहिल्याचं उत्तर नाही असं होतं. दुसऱ्याला मी 'हो' ठोकून दिलं. बाईंनी ड्रॉवरमधून थालीपिठाचा डबा काढून माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "दुसऱ्याचं बघू."

बाईंची उंची जेमतेम, पण चाल लष्करातली. कडक इस्त्रीची सुती साडी, कपाळावर ठसठशीत टिकली आणि पायात पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज. गावठाणातल्या घरून रोज चालत यायच्या आणि वाटेत दोन-तीन रिक्षावाल्यांना रिक्षा कशी चालवावी हे सांगून यायच्या. साहेबांना भेटून कुणी बाहेर पडलं की बाई त्याच्या तोंडाकडे बघायच्या नाहीत, फक्त दार लागल्याचा आवाज ऐकायच्या. "याचं काम झालं नाही." "हा काहीतरी लपवून आलाय." "हा नोकरी सोडणार." दहातले सात निकाल बरोबर निघायचे. उरलेल्या तिनांचा दोष बिजागरीवर जायचा, आणि बाई शिपायाला बिजागरीत तेल घालायला लावायच्या.

पत्राच्या बाबतीत त्यांचा एक कायदा होता. पत्र लिहून झालं की उठायचं, बाटली भरून आणायची, आणि परत येऊन ते पत्र आपल्या वैऱ्यानं लिहिलंय असं समजून वाचायचं. मी म्हटलं, "मॅडम, दिवसाला साठ मेल जातात. साठ वेळा पाणी भरायला गेले तर मला प्लंबर म्हणतील." बाई म्हणाल्या, "म्हणू देत. प्लंबर निदान गळतंय कुठं ते बघतो."

तर अशा या बाईंच्या राज्यात एआय आलं.

साहेब कुठल्याशा परिषदेला जाऊन आले आणि आता सगळ्या सेक्रेटरींनी एआय वापरायचंच, असं त्यांच्या मनानं घेतलं. पुढच्या सोमवारी हिंजवडीहून एक प्रशिक्षक हजर. गळ्यात पट्टा, हातात क्लिकर. बाईंना बघून त्यानं आवाज उगाचच मोठा आणि सावकाश केला. "मॅडम, घाबरायचं अजिबात नाही हं."

बाईंनी वही उघडली. "याला मी जे सांगेन, ते हा आणखी कुणाकुणाला सांगतो?"

"तसं नसतं मॅडम. ते सेटिंगवर डिपेंड करतं."

"आपलं सेटिंग काय आहे?"

"ते तुमच्या आयटीला विचारावं लागेल."

बाईंनी वहीत लिहिलं : माहीत नाही. "बरं, हा चुकला तर कळतं कसं?"

"ते तुम्ही चेक करायचं."

"आणि चुकीचं पुढे गेलं तर ओरडा कुणाला?"

प्रशिक्षक नुसता हसला. बाईंनी वहीत लिहिलं : मला.

मला वाटलं, आता बाई या यंत्राला उंबऱ्याबाहेर उभं करणार, आणि ऑफिसात एआय जमणारी म्हणजे मी एकटी. मनातून मी खूशच झाले. पण आठवडाभरात बाई माझ्यापेक्षा जास्त वेळ त्याच्याशी बोलायला लागल्या. त्याचं नाव त्यांनी ठेवलं जावईबापू. का, तेही मला समजावून सांगितलं. "बघ. बोलणं गोड. विचारशील ते माहीत. माहीत नसलं तरी माहीत. चुकला तरी त्याच्यावर ओरडता येत नाही, आपणच हसून साजरं करायचं. मग त्याला कसं वागवायचं? पाट मांडायचा, मानानं बसवायचं, चार कामं गोडीत करून घ्यायची. पण कपाटाची किल्ली हातात द्यायची नाही." बाईंना स्वतःचे दोन जावई होते, त्यामुळे मी वाद घातला नाही.

कपाट म्हणजे काय, तर माणसांची नावं, पगार, कोण आजारी, कोण कुणावर नाराज, कोणतं गिऱ्हाईक हातचं जातंय. यातलं काही जावईबापूंच्या कानावर जायचं नाही. पण मसुदे तर त्यांच्याकडूनच हवे होते. साहेब संतापले की तोंडाला येईल ते सांगायचे आणि बाईंना ते सभ्य इंग्रजीत बसवावं लागायचं. त्यावर बाईंनी तोडगा काढला भाजीचा. मशीनला सांगण्याआधी सगळ्यांची नावं बदलायची. गुरुग्रामचं मोठं गिऱ्हाईक दोडका. बँकेचे मॅनेजर भोपळा. चाकणच्या प्लांटचे प्रमुख कारलं. साहेब स्वतः शेवगा, कारण उंच आणि आत फार काही नाही, असं बाईच म्हणाल्या. मग बाई टाइप करायच्या : 'शेवगा हा दोडक्यावर चिडला आहे, कारण दोडक्याने शब्द फिरवला. शेवग्याचा राग कळला पाहिजे, पण दोडका तुटता कामा नये.' जावईबापू बिचारे इमानेइतबारे या भाज्यांचा पत्रव्यवहार सांभाळायचे.

पत्र तयार झालं की भाज्यांची परत माणसं करायचं काम माझं. एका दिवशी मी घाईत होते आणि गुरुग्रामला मेल गेला, तो 'आदरणीय श्री. दोडका' अशा मायन्याचा. अर्ध्या तासात तिकडून विचारणा, हे दोडका कोण. मी पांढरीफटक. बाईंनी सरळ फोन उचलला आणि त्या माणसाला हिंदीत खरं ते सांगितलं, की साहेब, तुमचं नाव आणि तुमचा व्यवहार आम्ही मशीनला कळू देत नाही, म्हणून तुम्हाला भाजीचं नाव दिलं होतं आणि ते काढायचं राहिलं. तो माणूस इतका खूश झाला की त्यानंतर त्याचा फोन यायचाच असा : "बाईजी, दोडका बोल रहा हूँ."

मला बाई ओरडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "पाठवण्याआधी पूर्ण वाचलं होतंस?"

"चाळलं होतं."

"चाळायला ते काय पीठ आहे?" म्हणाल्या आणि थालीपिठाचा डबा पुढे केला. बाई रागावल्या की खायला घालायच्या. त्या वर्षात माझं वजन चांगलंच वाढलं.

त्यांचा आणखी एक हट्ट मला तेव्हा निव्वळ आडमुठेपणा वाटला होता. कंपनी शेडमध्ये होती तेव्हापासूनचे एक जुने फिटर वारले. साहेब गाडीत बसता बसता मला म्हणाले, त्यांच्या घरी दोन ओळी पाठव, एआयकडून चांगल्या लिहून घे. मी घेतल्या. इतक्या सुंदर आल्या की माझेच डोळे भरून आले. बाईंनी त्या वाचल्या आणि विचारलं, "हा माणूस हसायचा कसा, ते यात कुठाय?" मी म्हटलं, ते मला कसं माहीत असणार? "तुला नाही, जावईबापूंना नाही. साहेबांना आहे." साहेब परत आल्यावर बाई कोरा कागद घेऊन आत गेल्या आणि समोर ठाण मांडून बसल्या. तीन ओळी लिहायला साहेबांना पाऊण तास लागला. शुद्धलेखनाची पार दैना. पण त्यातल्या एका ओळीत तो फिटर दुपारच्या सुट्टीत साहेबांच्या डब्यातलं लोणचं कसं पळवायचा ते होतं. दहाव्याला ते पत्र सगळ्यांपुढे वाचलं, असं नंतर कळलं.

बाई आता रिटायर झाल्या आणि त्यांच्या टेबलावर मी बसते, म्हणून हे सगळं मोठ्या प्रेमानं लिहिते आहे असं वाटेल. तेव्हा मला त्यांचा वैताग यायचा. कुठल्याही मीटिंगचा वृत्तांत तयार झाला की ज्याचं ज्याचं नाव त्यात असेल त्याला त्या फोन लावणार, 'तुमच्या नावावर हे वाक्य आहे, तुम्ही असंच म्हणालात का?' असं विचारणार, आणि मगच तो बाहेर जाणार. दहा मिनिटांचं काम दीड दिवस चालायचं. मैत्रिणींना मी सांगायचे, आमच्याकडे एक बाई आहे, ती एआयलासुद्धा बैलगाडीला जुंपते.

आता माझ्या पराक्रमाकडे येते.

बाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दहा दिवस रजेवर गेल्या. दहा दिवस राज्य माझं. पहिल्याच दिवशी चाकणच्या प्लांटवर तातडीची मीटिंग लागली. आम्ही गाड्यांच्या ब्रेकला लागणारे पाइप बनवतो. गिऱ्हाइकाकडे जायची गाडी भरून उभी होती आणि त्यातल्या काही पाइपांच्या जोडाबद्दल शंका होती. गाडी सोडायची की थांबवायची, एवढाच प्रश्न. मोठे साहेब चेन्नईच्या विमानात होते. प्लांटवर खोलीत पाच माणसं होती. त्यात प्लांटप्रमुख, म्हणजे आपले कारलंसाहेब, आणि क्वालिटीचे लाइन सुपरवायझर, ज्यांना सगळे दादा म्हणायचे. दादा चाकणच्या पलीकडच्या गावातले, अठरा वर्षं कंपनीत, फार न बोलणारे. खोलीतला कॅमेरा-माइकचा संच बिघडला होता म्हणून दादांनी आपला लॅपटॉप टेबलाच्या मध्ये ठेवला आणि पाचही जण त्यावरूनच बोलले. मी चिंचवडहून जोडले गेले होते. जावईबापूंना मी, बाईंच्या कायद्याप्रमाणे नावांऐवजी नुसते हुद्दे देऊन, टिपणं घ्यायला बसवलं, आवाज बंद केला आणि साहेबांच्या परतीच्या तिकिटाच्या मागे लागले.

मीटिंग संपली आणि मिनिटाभरात सारांश हजर. पाच ओळी, इंग्रजी असं की काय सांगू. त्यातली तिसरी ओळ मराठीत सांगायची तर अशी : 'जोडाबद्दल शंका असूनही गाडी सोडण्याचा निर्णय सुपरवायझरनी घेतला.' मी अक्षरांचा आकार बदलला, कंपनीचं चिन्ह टाकलं आणि माझ्या नावानं सगळ्यांना पाठवून दिलं. एकूण आठ मिनिटं. साहेबांनी चेन्नईहून अंगठा पाठवला. मी खुशीत स्वतःला कॉफी पाजली.

चार दिवसांनी गिऱ्हाइकाकडे तपासणीत पाइप गळले. माल परत आला, आणि मागोमाग खरमरीत पत्र, की शंका असताना गाडी सोडली कुणी? साहेबांनी वृत्तांत मागवला. तिसरी ओळ समोरच होती. दादांना पत्र गेलं : चौकशी होईपर्यंत घरी बसा, चौकशीत दोष सिद्ध झाल्यास नोकरी जाईल. पत्राला माझा वृत्तांत जोडलेला. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण ते त्या माणसाबद्दल वाटलं. आपण त्यात कुठे आहोत, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

बाई परत आल्या त्या काळा गॉगल लावून. साडी, स्पोर्ट्स शूज आणि गॉगल. गेटवरच्या वॉचमननं त्यांना सलामच ठोकला म्हणे. डॉक्टरांनी आणखी काही दिवस स्क्रीनकडे बघायला मनाई केली होती, त्यामुळे दहा दिवसांत काय काय झालं ते मी वाचून दाखवायचं ठरलं. दादांचं ऐकल्यावर त्या थांबल्या. "दादांनी गाडी सोडली? त्यांना मी अठरा वर्षं ओळखते. तो माणूस शंका असली तर स्वतःच्या लग्नाची वरात सोडणार नाही. पूर्ण बोलणं आहे का?"

पूर्ण बोलणं होतं. सारांशाच्या खाली, एक बटण दाबलं की उघडणारं. मी ते कधी दाबलंच नव्हतं.

"वाच," बाई म्हणाल्या आणि गॉगलमागे डोळे मिटून बसल्या.

मी वाचायला लागले. "सुपरवायझर : साहेब, ह्या जोडाची मला खात्री न्हाई. आज गाडी नको. सुपरवायझर : अरे, तिकडं त्यांची लाइन थांबली तर ओरडा मला खावा लागतो. सोड गाडी. सुपरवायझर : दोन तास द्या साहेब, चार पाइप कापून बघू. तवर नको. सुपरवायझर : दोन तास नाहीत माझ्याकडे. आणि माझा चहा बिनसाखरेचा."

"थांब," बाई म्हणाल्या. "हा साहेब कुणाला म्हणतोय?"

मी वर पाहिलं, खाली पाहिलं. "स्वतःलाच, मॅडम."

"पुढं वाच."

"सुपरवायझर : नको साहेब. सोडायचीच आसंल तर मग लिहून द्या. सुपरवायझर : मीटिंगमध्ये बोललोय ना, रेकॉर्ड होतंय. अजून काय लिहून पाहिजे तुला?"

बाईंनी गॉगल काढला. एक डोळा लाल, एक पांढरा, आणि दोन्ही माझ्यावर. "म्हणजे हा माणूस स्वतःला नको म्हणाला, स्वतःवरच डाफरला, स्वतःकडेच लेखी मागितलं, स्वतःच ते दिलं नाही आणि शेवटी स्वतःच्या धाकानं स्वतः गाडी सोडली. वर स्वतःला बिनसाखरेचा चहा मागितला. दादा चहात तीन चमचे साखर घालतात."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. लॅपटॉप दादांचा, म्हणून खोलीतलं प्रत्येक वाक्य दादांच्या नावावर. चार मिनिटांचं वाचन होतं. चार मिनिटं वाचलं असतं तर परभणीतल्या माझ्या आजीलाही कळलं असतं, की इथे दोन माणसं बोलतायत. आणि तो सारांश कारलंसाहेबांनाही गेला होता. त्यांनी तो वाचला असणार, कारण उत्तरात 'धन्यवाद' आलेलं होतं. वाचून ते गप्प बसले.

मी घाईघाईनं म्हटलं, "मॅडम, सॉफ्टवेअरची चूक आहे. मी आत्ता आयटीला मेल टाकते."

"त्या वृत्तांताखाली नाव कुणाचं आहे?"

"माझं."

"सॉफ्टवेअरचं घर आहे? त्याला बायको-पोरं आहेत? त्याला कुणी घरी बसवलंय?"

माझी नोकरी अजून पक्की झालेली नव्हती आणि पक्की करण्याचा कागद त्याच आठवड्यात साहेबांच्या टेबलावर जायचा होता. हे बाईंना माहीत होतं. मला रडू फुटलं, आणि रडता रडता मी एक सोपा मार्गही सुचवला : आपण नुसता सुधारित वृत्तांत पाठवू, 'काही तांत्रिक दुरुस्त्या' म्हणून. बाईंनी या वेळी थालीपीठ पुढे केलं नाही. म्हणाल्या, "दादांना घरी बसवताना तांत्रिक बसवलं नाही. चल आत. तू बोलायचं. मी शेजारी उभी राहते."

आत मी बोलले. काय बोलले ते नीट आठवत नाही, पण 'मी न वाचता पाठवलं' हे शब्द तोंडातून निघाले ते आठवतं. साहेबांच्या कपाळाला आठ्या. त्यांचं पहिलं म्हणणं असं, की गिऱ्हाइकाला कळवून झालंय, माणसावर कारवाई केली असं सांगून झालंय, आता परत शब्द फिरवायचा म्हणजे आपलंच हसं. आणि कारलंसाहेबांवर असं एकदम कसं... "बाई, तुम्ही थोडक्यात सांगा. सारांश काय?"

"सारांशानंच घोळ केलाय, साहेब. पूर्ण वाचा." बाईंनी चार पानं टेबलावर ठेवली आणि बसायला न सांगताच बसल्या.

साहेब वाचायला लागले. बिनसाखरेच्या चहापाशी त्यांना हसू आलं. 'रेकॉर्ड होतंय' या ओळीपाशी ते गेलं. त्यांनी पान उलटं ठेवलं आणि कारलंसाहेबांना फोन लावायला सांगितलं. त्या दोघांचं काय झालं हे मला ठाऊक नाही. दुपारी कारलंसाहेब चाकणहून आले, दीड तास केबिनचं दार बंद होतं, आणि ते गेल्यावर दाराच्या आवाजावरून बाईंनी काहीच निकाल दिला नाही. कारलंसाहेबांची नोकरी काही गेली नाही. मोठ्या माणसांचं तेवढ्यानं जात नाही. दादांना मात्र त्याच दिवशी कामावर परत घेतल्याचं पत्र निघालं, आणि माझी नोकरी पक्की होणं सहा महिने पुढे गेलं. बाई म्हणाल्या, "स्वस्तात सुटलीस." मला ते पटलं, पण कबूल करायला सहा महिने लागले.

पत्र मेलनं जाणार होतं. बाईंनी ते छापून घेतलं, सुधारलेला वृत्तांत जोडला, पाकिटात घातलं आणि माझ्या हातात दिलं. "मेल ते उघडत नाहीत. तू नेऊन द्यायचं." ऑफिसची गाडी मागवली आणि गॉगल लावून स्वतःही शेजारी बसल्या. चाकण चौकातल्या ट्रकांच्या रांगेत आम्ही पाऊण तास अडकलो. बाईंनी काच खाली करून एका ट्रकवाल्याला गाडी कशी लावावी ते सांगितलं. मी पाकीट मांडीवर घेऊन मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. एकही धड जुळत नव्हतं.

दादांचं घर रस्त्याला लागूनच. खाली घरचे, वर कंपन्यांतल्या पोरांना भाड्यानं दिलेल्या खोल्या. ओसरीत खाटेवर दादांचे वडील बसले होते. दादा गोठ्याकडून आले, आम्हाला बघून त्यांनी खुंटीवरचा शर्ट अंगात घातला आणि बटणं लावत उभे राहिले. "बाई? तुमी कशाला आला ह्या उन्हात? डोळ्याला काय झालं?"

"डोळा ठीक आहे. ही बोलणार आहे," बाई म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या.

मी सांगितलं. जुळवलेलं काहीच कामाला आलं नाही. तुमच्या नावावर जे वाक्य होतं ते तुम्ही बोलला नव्हतात, मशीननं चुकून तुमचं म्हणून टाकलं, आणि मी ते न वाचता सगळ्यांना पाठवलं. तुम्हाला परत घेतलंय. मला माफ करा.

वडिलांनी मान पुढे केली. "म्हंजी ह्यो बोलला न्हाई?"

"नाही आजोबा."

"मग कंपनीच्या कागदावर कसं आलं?"

"माझ्यामुळे."

दारात दादांची बायको उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, नवऱ्याकडे बघत होती. "मी रोज इचारायची," ती म्हणाली, "का खरं सांगा, तुमीच म्हनला आसाल. कंपनी खोटं कशाला लिहील?"

दादांनी पाकीट उघडलं नाही. ते आत गेले आणि वहीचा फाडलेला एक कागद घेऊन आले. तो त्यांनी माझ्या हातात दिला. त्यांच्या अक्षरात, रेघेवर नीट लिहिलेला माफीनामा होता : गाडी मी सोडली, चूक माझी आहे, अठरा वर्षांची नोकरी बघून एक वेळ माफ करावं. खाली सही केलेली. दुसऱ्या दिवशी चौकशीत द्यायचा होता.

"पण दादा, तुम्ही तर नको म्हणाला होतात," मी म्हटलं. "हे कशाला लिहिलंत?"

"पयले दोन दिवस लई भांडलो. घरात, फोनवर, सगळ्यांशी. मंग पोरीला बसवून त्या इंग्रजीचा अर्थ लावून घेतला. चार-पाच येळा घेतला." ते कागदाकडे बघत बोलत होते. "इतकं सरळ लिवलं हुतं, ताई. इतकं चांगलं. आन समदे म्हनत्यात, कागद खोटा न्हाई. मंग मलाच वाटाया लागलं, आसंल. म्हनलो आसंल मी. त्या गडबडीत ध्यानात ऱ्हायलं नसंल."

मी मान वळवून पायरीकडे पाहिलं. बाईंनी गॉगल काढला होता आणि पदरानं डोळा टिपत होत्या, जो टिपायला डॉक्टरांनी मनाई केली होती.

"म्हनलो न्हवतो ना मी?" दादांनी मला विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही नको म्हणालात, दादा. तीनदा नको म्हणालात."